आगीविना डांबर

पदार्थाचे कण एकमेकांना कसे धरून राहतात हे ज्याला समजलं, त्याला समुद्राचं भय उरत नाही. हे वाक्य माझं आहे. मी ते एका फ्लेक्ससाठी लिहिलं आणि फ्लेक्स छापणाऱ्याने ते प्राचार्यांच्या फोटोवर, त्यांच्या कोटाच्या तिसऱ्या बटणापाशी, बारीक अक्षरात बसवलं. त्यानंतर महिनाही झाला नसेल, तलासरीच्या एसटीत बसल्या जागी माझे हात गार पडायला लागले, आणि त्याला कारण समुद्रच होता.

२०१६ सालची गोष्ट. मी तलासरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते आणि डहाणूहून रोज जाऊन-येऊन करत होते. त्या वर्षी वरून आदेश आला की प्रत्येक शिक्षकाने एक लोकोपयोगी प्रकल्प करावा. ‘वरून’ म्हणजे नेमकं कुठून, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. पावसालाही आपण ते विचारत नाही. सहकाऱ्यांनी गांडूळखत, सौरचूल असे शहाणे विषय घेतले. मी डांबर घेतलं.

त्याचं असं झालं की एम.एस्सी.ला असताना एक अख्खं वर्ष मी कोळशापासून निघणाऱ्या द्रवांचा घट्टपणा मोजण्यात घालवलं होतं. हवा लागू न देता कोळसा तापवला की वायू निघून जातो, मागे कोक उरतो आणि मधल्या मध्ये जे काळं, दाट, उग्र वासाचं गळतं ते कोळशाचं डांबर. घट्टपणाला पुस्तकात श्यानता म्हणतात. पुस्तकाबाहेर कुणीच काही म्हणत नाही, सगळे नुसते ढवळून बघतात. पाणी पातळ का आणि डांबर घट्ट का, याचं उत्तर रेणू लहान की मोठे एवढ्यावर संपत नाही. डांबरातले पुष्कळसे रेणू चपटे असतात, ताटलीसारखे. धुतलेल्या ताटल्या ओल्याच एकावर एक ठेवल्या की जशा चिकटून बसतात, तसे ते बसतात. काहींच्या कडेला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, ती शेजाऱ्याचं बोट धरून ठेवते. उष्णता दिली की ही धरपकड सुटते. नाहीतर एखादा पातळ द्रव त्यांच्या मध्ये शिरला तर सुटते. हे सगळं मला चांगलं ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं त्याचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नव्हता.

माझ्या दारी मासे घेऊन येणारी मावशी धाकटी डहाणूची. तिचा नवरा स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या होता. बोट लाकडी. आजूबाजूचे लोक फायबरच्या बोटी घेत होते आणि हा दर पावसाळ्यात, मासेमारी बंद असली की, बोट खाडीच्या काठावर ओढून तिच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा आणि वरून गरम डांबर फासायचा. त्याच्या उजव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत होती, मेणबत्ती विरघळून पुन्हा थिजावी तशी. तापलेल्या डांबरात पावसाचं पाणी गेलं आणि डांबर फेसाळून पिंपाबाहेर आलं, एवढंच तो त्याबद्दल सांगे.

मी जुलैत एका उघडिपीच्या दिवशी बघायला गेले. तीन दगडांवर अर्धं कापलेलं पिंप, खाली नारळाच्या झावळ्या, आणि धूर असा की पलीकडची विजेच्या कारखान्याची चिमणी दिसेनाशी झालेली. तांडेल ढवळत होता, पण अधिकार मावशीचा होता. ती काडी बुडवायची, वर उचलून डांबराची तार बघायची, थेंब पाण्याच्या वाटीत सोडायचा, मग तो बोटांत चिमटून ताणायचा.

“एकतारी आहे अजून. दोनतारी होऊ द्या.”

“नारळाच्या वड्या करतेय ही,” तांडेल मला म्हणाला.

“वड्या बिघडल्या तर तुम्ही खाता. हे बिघडलं तर समुद्र खाईल.” ती काडी झटकत म्हणाली.

“मॅडम, तुमच्या कॉलेजात हेच शिकवतात?” तांडेलाने विचारलं.

“याच्यामागचं शास्त्र शिकवतो.”

“आणि चूल?”

“चूल नसते. बर्नर असतो.”

“धूर नाय, डोळे जळत नाय,” तो बायकोला म्हणाला. “पुढचा जन्म आपला कॉलेजात.”

मी त्याच्या हाताकडे बघत होते. आगीवर न ठेवता लावता येईल असं डांबर करून द्यायचं, हे मी तिथेच ठरवलं. हायवेच्या कामावर डांबरात रॉकेल घालून ते पातळ करतात, हे मी तलासरीला जाता-येता बघितलं होतं. पातळ द्रव मध्ये शिरला की धरपकड सुटणार, हे मला तोंडपाठ होतं. मी डहाणूच्या बाजारातून कोळशाचं डांबर आणलं, रॉकेल आणलं, पत्र्याच्या पेल्याला खाली भोक पाडलं आणि तो भरून किती वेळात रिकामा होतो ते घड्याळ लावून मोजू लागले. आठवडाभर मोजलं. मावशीचं दोनतारी गरम डांबर जेवढ्या वेळात गळून जाई, बरोबर तेवढ्याच वेळात माझं थंड डांबर गळून गेलं, त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच मोठ्याने हसले.

प्राचार्यांना विषय मनापासून आवडला, कारण त्यात समुद्रकिनारा होता. जुलैच्या शेवटी धाकटी डहाणूच्या काठावर कार्यक्रम झाला. बोटीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, फ्लेक्स बांधला. तांडेलाला शाल आणि नारळ देण्यात आला. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, त्याच्या घरी नारळांची रास पडलेली. प्राचार्य म्हणाले, “आज खऱ्या अर्थाने विज्ञान किनाऱ्याला लागलं आहे!”

“ओहोटी आहे, सर,” शालीतून तांडेल हळूच म्हणाला. “चिखलात रुतेल.”

मग प्राचार्यांनी कुंचला माझ्या डब्यात बुडवला, बोटीवर वीतभर पट्टा ओढला आणि फोटो होईपर्यंत कुंचला तिथेच धरून ठेवला. थेंब बुटावर पडला. टाळ्या झाल्या.

मंडळी चहाला गेली तेव्हा मावशीने माझ्या डब्यात काडी बुडवून वर उचलली. डांबर पाण्यासारखं ओघळून गेलं.

“याला तार नाय, म्याडम.”

“तारेची गरजच नाही, मावशी. मोजलंय मी.”

तिने काडी चिखलात पुसली. तांडेल म्हणाला, “ठेवा डबे. लावतो आम्ही.” मी पंधरा-पंधरा लिटरचे दोन डबे ठेवून घरी आले.

नारळी पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी त्याची बोट निघाली. तांडेल, त्याचा धाकटा भाऊ आणि दोन खलाशी. बर्फ भरला होता, चार दिवसांत येतो म्हणाला. मी मुद्दाम बघायला गेले होते. बोट पाण्यात होती, पाण्यावर दिसणारा भाग काळाभोर चकाकत होता, आणि मला अगदी आईसारखं वाटलं. अशा वेळी माणसाला काय वाटतं त्यावर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फ्लेक्सची गुंडाळी हलवताना तिच्यामागे खिडकीत ठेवलेली बाटली दिसली. माझ्याच डांबराची, कार्यक्रमाच्या दिवशी भरून ठेवलेली. चाचणी परीक्षा आणि सुट्ट्यांच्या गडबडीत मी तिच्याकडे पुन्हा पाहिलंच नव्हतं. मी ती उजेडात धरली. वर तपकिरी, पातळ, चहाच्या रंगाचं पाणी होतं. खाली काळा गोळा. बाटली आडवी केली, पाणी हललं. गोळा हलला नाही.

मी खुर्चीवर बसले. काय झालंय ते कळायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही, हे सगळ्यात वाईट. एम.एस्सी.ला मी कोळशाचे द्रव ज्यात विरघळवत असे ते त्यांच्याच गोत्रातलं होतं, चपट्या कड्यांच्या रेणूंचं. रॉकेलचे रेणू लांब साखळ्यांचे. हायवेवरचं डांबर खनिज तेलाचं, ते रॉकेलशी जमवून घेतं. कोळशाचं घेत नाही. पहिल्या दिवशी सगळं मिसळल्यासारखं दिसतं. मग हलके रेणू रॉकेलबरोबर निघून जातात आणि मागे टाकलेले जड रेणू एकमेकांना अधिकच घट्ट धरून तळाला बसतात. माझा पेला फक्त पहिला दिवस मोजत होता. त्याला भोक होतं, दूरदृष्टी नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पत्र्याच्या एका पट्टीवर मी तेच डांबर लावून ठेवलं होतं. नखाने खरवडलं, तर पापुद्रा सुटून आला. पट्टी पाण्यात टाकली. दुपारच्या तासाला पाहिलं तेव्हा पाण्यावर तेलाचे रंग पसरले होते, आणि पट्टीवर काळे ठिपके उरले होते. ठिपक्यांच्या मध्ये नुसता पत्रा.

पत्र्याच्या जागी फळी आणि फळीच्या मागे चार माणसं, एवढा हिशेब अकरावीच्या मुलालाही जमला असता.

तांडेलाचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. त्या आठवड्यात मी ते वाक्य मराठी, हिंदी आणि इंग्रजीत इतक्या वेळा ऐकलं की त्या बाईचा आवाज मला ओळखीचा वाटायला लागला, आणि मी तिचा द्वेष करू लागले.

संध्याकाळी एसटीतून उतरून थेट मावशीकडे गेले. वाटेत वाक्य घोकलं होतं: मावशी, माझं चुकलं, बोटीला निरोप पाठवा. मच्छीमार संस्थेच्या कचेरीत वायरलेस आहे हे मला माहीत होतं. मावशी ओट्यावर जाळं घेऊन बसली होती. मला बघून ती दचकली. अंगणात एक पांढरी कोंबडी पोटापर्यंत काळी झालेली फिरत होती, पण त्या दिवशी कोंबडी निळी असती तरी मी विचारलं नसतं.

“मावशी, बोटीला पाणी लागतं का हो?”

“म्याडम, बोट समुद्रात असते. पाणी लागणारच.”

“तसं नाही. आत येतं का? फळ्यांमधून?”

“थोडं येतं. उपसतात.”

“आणि जास्त आलं तर?”

“जास्त उपसतात.”

“मावशी, ते डांबर...”

ती पटकन उठली. “चहा ठेवते,” म्हणाली, आणि आत गेली. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता. कप ठेवला, जाळं उचललं, सुटलेला फासा बांधता बांधता माझ्या बदलीबद्दल विचारू लागली. माझी बदली होण्याचं काही कारण नव्हतं. मी दुसऱ्यांदा ‘डांबर’ म्हटलं, तर ती खाली मान घालून म्हणाली, “जाऊ द्या ना, म्याडम. आता त्याचं काय.”

आता त्याचं काय. हे शब्द मी घरापर्यंत उचलून आणले. तिला कळलंय, असा मी अर्थ लावला. तिने माझ्या डब्यात काडी बुडवून पाहिली होती, तार नाही म्हणाली होती, आणि मी ‘मोजलंय मी’ म्हणाले होते. आता तिचा नवरा, तिचा दीर त्या बोटीवर होते आणि मला तोंडावर काही बोलायचं नाही म्हणून ती चहा करत होती. कबुलीची माझी जी काही हिंमत होती ती त्या चहाबरोबर संपली.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. डहाणूत वारा सुटला की सुपारीच्या झाडांचा जो आवाज होतो, तो एरवी मला आवडतो. मी मनाशी सांध्यांची यादी करत होते. नाळेपासून मागच्या टोकाच्या वरामापर्यंत किती फळ्या, किती सांधे, प्रत्येकात ठोकलेला कापूस, आणि त्यावर माझं ठिपक्याठिपक्यांचं डांबर. कापूस भिजला की फुगतो, फुगला की सांधा धरतो, असं मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं की लाटांनी फळ्या हलत राहतात, आणि हललेल्या सांध्यातून भिजका कापूस बाहेर येतो. शास्त्र माहीत असण्याचा हा तोटा मला कुणी सांगितला नव्हता. अडाणी माणूस एकदा घाबरतो. शिकलेला टप्प्याटप्प्याने घाबरतो, आणि प्रत्येक टप्प्याला कारण देतो.

घरी भांडी घासताना दोन ताटल्या ओल्या चिकटल्या. त्या सुटेनात. मी त्या तशाच मांडणीवर ठेवल्या आणि मोरीपाशी उभी राहून रडले.

चौथ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत गेले. दार लावलं आणि सांगितलं की मिश्रण चुकलं आहे, बोट बाहेर आहे, संस्थेला कॉलेजतर्फे कळवायला हवं. त्यांनी चष्मा काढला.

“आता डांबर बिघडून कसं चालेल, मॅडम? अहवाल गेलाय.”

“सर, माणसं बुडतील.”

“असं काही लेखी देऊ नका,” ते म्हणाले, आणि मग जरा मऊ आवाजात, “बोट आली की कळवा मला. काळजी वाटते.” त्यांना खरंच वाटत असावी, कार्यक्रमाचे ते बूट त्यांनी पुन्हा घातलेले मी पाहिले नाहीत. अहवालाला पुढे तालुक्यात दुसरं बक्षीसही मिळालं. पहिलं गांडूळखताला.

त्याच संध्याकाळी मी एकटीच संस्थेच्या कचेरीत गेले. कारकून कुलूप लावत होता. “वायरलेस दुरुस्तीला गेलाय,” तो म्हणाला. “काय निरोप होता?” मी म्हणाले, काही नाही. पोचवायला वायरलेस नव्हता, मग निरोप तरी कुठे उरला होता?

पाचव्या दिवशी, शनिवारी, बरोबर निघालेल्या बोटी आल्या. काठावर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, बर्फ फुटत होता, ओरडाआरडा चालला होता. आमची बोट नव्हती. मी एका खलाशाला विचारलं. “पाठीमागे होते,” तो म्हणाला. “काल संध्याकाळी दिसलेले.” मावशी टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती आणि पाण्याकडे बघत होती. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि मान वळवली.

दोन वर्षांनी तलासरी-डहाणूत जमीन हलायला लागली. भिंतींना तडे गेले, माणसं घर सोडून अंगणात झोपू लागली, आणि वर्गात बाक जरा सरकला तरी मुलं दाराकडे धावत. मीही धावले. पण जमीन मी हलवली नव्हती. त्या शनिवारच्या भीतीपुढे ती भीती स्वच्छ होती.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, भरतीच्या वेळेला मी पुन्हा काठावर गेले.  आणि बोट खाडीत शिरत होती. सावकाश, इंजिन खोकत, फळीन् फळी जागेवर. चार माणसं मोजली. पुन्हा मोजली. तांडेल नाळेवर उभा होता आणि कुणालातरी शिव्या देत होता. आयुष्यात शिव्या ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नाही.

तो चिखलात उतरला तशी मी चपला हातात घेऊन पुढे गेले आणि सगळ्यांच्या देखत बोलून टाकलं. माझं डांबर चुकीचं होतं, ते रॉकेलमध्ये टिकत नाही, तळाला बसतं, मला बोट गेल्यावर कळलं, मी सांगायला हवं होतं, घाबरले. एका दमात. बायका टोपल्या भरायच्या थांबल्या.

“ठाऊक आहे,” तांडेल म्हणाला. “कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी डबा उघडला. वर पाणी, खाली गोळा. नासलेल्या दुधागत. सरांनी ओढलेला पट्टा तर पहिल्याच संध्याकाळी खरडून काढलेला. मग पिंप चढवलं, दोनतारी केलं, फासलं.”

“मग उशीर कशाने झाला?”

“इंजिनाच्या पंख्यात जाळं गुंतलं. या भाड्याने,” त्याने भावाकडे बोट केलं, “झोपेत सोडलं.”

“तुम्हाला रॉकेलचं आधीच माहीत होतं?”

“माझ्या बापाने घालून बघितलेलं एकदा.”

“मग?”

“मग काय? एकदाच.”

मी काहीतरी धरायला बघत होते. हाताला बोटीची कड लागली. काळं, कडक, कोरडं. नख रुतेना.

“मावशी, मला सांगितलं का नाही?”

“सांगणार कसं? तुम्ही मोजलेलं होतं.” ती पदर चाचपत म्हणाली. “आणि बोटीसाठी कुणी आणलेलं आम्ही परत करत नाय. फेकतही नाय. म्हणून मग...” ती तांडेलाकडे बघू लागली. तो खलाशाकडे बघू लागला. “त्या दिवशी तुम्ही डांबर-डांबर करत आलात तेव्हा माझा तर जीवच गेला. म्हटलं, बघितलं आता हिने. म्हणून चहा ठेवला.”

“काय बघितलं?”

तिने मला घराच्या मागे नेलं. माझ्या दोन डब्यांमधलं वरचं आणि खालचं पुन्हा ढवळून तिने ते कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपराला लावलं होतं. अजून वाळलं नव्हतं. पांढरी कोंबडी त्यावर चढायला बघत होती. छप्पर गळत होतं.